लॉन्ड्रीमागची डागवाली

त्या रुग्णालयाच्या आवारात एकशे बारा झाडं होती आणि आकडीमामा त्यातल्या प्रत्येकाला स्वभावासकट ओळखत. कोणतं झाड वारा नसतानाही कुरकुरतं, कोणाची फांदी दिसायला दणकट पण आतून पोकळ, कोणाच्या बेचक्यात पाय ठेवला की मुंग्या हमखास डसतात, हे त्यांनाच विचारावं. मामा आपलं म्हणायला. तसे ते कुणाचेच मामा नव्हते, कारण त्यांना बहीणच नव्हती. पण वॉर्डातल्या नर्सपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना आकडीमामाच म्हणत. आकडी म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बसवलेलं वाकडं पातं. ती खांद्यावर टाकून मामा निघाले की समोरून येणारं स्ट्रेचरसुद्धा बाजूला व्हायचं.

मामांचं काम एकच होतं आणि ते त्यांनी तेहतीस वर्षं केलं: झाडांवरचं बांडगूळ काढणं. एखादा चिमणीएवढा पक्षी कुठलं तरी फळ खातो, त्याचं चिकट बी चोचीला किंवा शेपटाखाली लटकतं, मग तो ते फांदीवर पुसतो आणि उडून जातो. ते बी तिथेच रुजतं. मातीशी त्याचा संबंध नाही. फांदीच्या सालीत मुळं खुपसून ते झाडाचंच पाणी पितं, झाडाच्याच जिवावर माजतं आणि वर तोंड करून फुलतंही. बांडगुळाबद्दल बोलताना मामांचा आवाज चढायचा. चार दिवसांसाठी येऊन महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्यांबद्दलही तो तितकाच चढायचा.

झाड साफ झालं की मामा बुंध्यावर, छातीच्या उंचीवर, चुन्याचा हातभर रुंद पट्टा ओढत. पट्टा म्हणजे झाड झालं. पाऊस तो धुऊन टाकी, मामा पुढच्या वर्षी पुन्हा ओढत, आणि बागेचा मुकादम आवारात फेरी मारून पट्टे मोजी. एकशे बारा भरले की त्या वर्षीचं काम संपलं. झाडाच्या शेंड्याकडे बघायची कुणाला गरज वाटत नसे. मामांचा पट्टा आहे म्हणजे विषय मिटला, असं मुकादम नव्या लोकांना सांगे आणि मामांची छाती त्या चुन्याच्या पट्ट्याइतकी रुंद होई.

आता खरं सांगायचं तर त्यातला एक पट्टा खोटा होता.

लॉन्ड्रीच्या मागे, बॉयलरघराला लागून एक झाड होतं. सरळसोट बुंधा आणि पहिली फांदी तीस फुटांवर. बाकी झाडांना आकडी खालून पुरायची, नाहीतर खालच्या बेचक्यात उभं राहिलं तरी भागायचं. या एकाच झाडावर दोर कमरेला बांधून पार वर जावं लागे. अकरा वर्षांपूर्वी मामा असेच वर गेले आणि काही कारण नसताना त्यांचं डोकं गरगरलं. पाय घसरला नाही की फांदी मोडली नाही. सहज खाली पाहिलं आणि जमीन पाण्यासारखी हलली. तासभर ते फांदीला मिठी मारून बसले. मग डोळे मिटून, सालीला गाल घासत कसेबसे उतरले. बांडगूळ होतं तिथेच राहिलं.

हे कुणाला सांगावं तर नियम आड यायचा. ज्याला चढता येत नाही त्याची बदली तळघरातल्या भांडारात होई. तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागे आणि खिडकीच्या नावाने भिंतीला एक पाइप होता. ज्या माणसाने सगळं आयुष्य पानांत काढलं त्याला तिथे सलाइनच्या खोक्यांवर शिक्के मारत बसायचं. मामा बुंध्याशी टेकून बसले, मग त्यांनी चुन्याची बादली ओढली आणि पट्टा मारून टाकला. हात थरथरत होता म्हणून तो जरा वाकडा आला, एवढंच. पुढच्या वर्षी येऊ आणि नीट साफ करू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी आधी चुना कालवला आणि झाडाकडे मग गेले.

अशी अकरा वर्षं गेली. भिंतीचा आडोसा असल्याने त्या झाडाला पावसाचा मारा लागत नसे. जुना पट्टा तसाच राही आणि नवा त्याच्यावर चढे. वाटेने जावं लागलंच तर मामा मान खाली घालून जात. एकदोनदा जमिनीवरूनच शेंड्याकडे पाहिलं होतं, तेवढ्यानेही डोकं फिरलं होतं. लॉन्ड्रीत त्यांची मेहुणी कपडे वाळत घालायच्या कामावर होती. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. ती विचारायची, "भाऊजी, आमच्या दाराशी आलात की मान का खाली? कुणाचं देणं लागता का इथे?" मामा म्हणायचे, "दोरीला डोकं लागतं." ती दोऱ्या बांधायची सहा फुटांवर आणि मामांची उंची होती पाच फूट तीन इंच.

निवृत्तीला चार महिने राहिले होते. एकदा नारळ हातात पडला की झाड सुटलं, असं मामा दिवस मोजत होते. एवढ्यात दुर्बीणबाई आल्या.

बाई गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांची थोरली बहीण दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात महिनाभर होती, आणि बाई दिवसभर तिच्या उशाशी, खिडकीपाशी बसत. खिडकीतून त्यांना फुलपाखरं दिसली. गणिताचं माणूस, मोजायला लागल्या. मग गळ्यात दुर्बीण आली. मग एक दिवस त्या बागेच्या कचेरीत मुकादमापुढे येऊन बसल्या. मामा तिथे आकडीच्या पात्याला धार लावत होते.

"तुमच्या आवारात बांडगूळ कुठल्या झाडावर आहे?" बाईंनी विचारलं.

मुकादम हसला. "बाई, सगळ्या शहरात शोधा, इथे मिळायचं नाही. हे आमचे मामा. तेहतीस वर्षांत एक पान शिल्लक ठेवलेलं नाही."

"मग फुलपाखरं कुठून आली?" बाई म्हणाल्या. "पिवळी, कडेला लाल ठिपक्यांची. त्यांची मादी बांडगूळ सोडून दुसऱ्या कशावर अंडी घालत नाही. अळ्या दुसरं काही खातच नाहीत."

"आली असतील उडत उडत. त्यांना काय पास लागतो?"

"एखाददुसरं येईल. काल सकाळी मी खिडकीतून सत्तावीस मोजली. सत्तावीस पाहुणे नसतात, ते बिऱ्हाड असतं. बांडगूळ इथेच आहे."

मामांच्या हातातला धारेचा दगड खाली पडला. अकरा वर्षांत त्यांना कुणी पकडलं नव्हतं, आणि आता हे पिवळं पाखरू बोट दाखवायला निघालं होतं. मुकादमाला मात्र गंमत वाटली. तो म्हणाला, "मामा, बाईंना सगळी झाडं दाखवा. त्यांची खात्री पटू दे, आणि आपलीही पुन्हा एकदा पाहणी होईल." मामांनी मान डोलावली. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

तीन दिवस मामा पुढे आणि बाई मागे अशी वरात आवारात फिरली. बाई प्रत्येक झाडापाशी थांबत, शेंडा दुर्बिणीने चाळत आणि वहीत खूण करत. मध्येच फुलपाखरू दिसलं की मामांच्या हातात दुर्बीण देत. मामांना ते बघायचं नव्हतं, पण बघितल्यावर सोडवेना. उडताना ते अगदी साधं वाटायचं, पांढरं आणि त्यावर काळ्या शिरा. घाई म्हणून नाही; शेंड्याशेंड्यांवरून रमतगमत, कुणाच्या बापाला न भिता चाललेलं. फुलावर उतरून पंख मिटले की खरा ऐवज दिसायचा. पंखाची खालची बाजू झणझणीत पिवळी, काळ्या रेघांनी चौकटी पाडलेली, आणि कडेने लालभडक ठिपक्यांची एक रांग.

"बहुतेक फुलपाखरं बसली की रंग झाकतात," बाई म्हणाल्या. "हिचं उलटं. बसली की दाखवते."

"पक्षी खातील की."

"एकदा चोच मारेल तो पुन्हा मारणार नाही. अळीपणी जे खाल्लं त्याची कडू चव हिच्या अंगात राहते. हा रंग म्हणजे दारावरची पाटी आहे, माझ्या वाटेला जाऊ नका."

"बांडगुळाचा कडूपणा?"

"तोच तर."

मामांनी दुर्बीण परत दिली. ज्याला आपण तेहतीस वर्षं शिव्या घातल्या त्याच्यापासून हे असलं काही होतं, हे त्यांना पचायला जड गेलं. आणि त्याहून जड हे, की ही बाई मनापासून, विश्वासाने सगळं सांगत होती आणि आपण तिला हाताला धरून चुकीच्या दिशेने नेत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन फुलपाखरं त्यांच्या डोक्यावरून गेली आणि लॉन्ड्रीच्या छपरापलीकडे उतरली. बाईंनी बोट केलं. मामा म्हणाले, "तिकडे बॉयलरची वाफ असते. झाड धरत नाही तिकडे." बोलून झालं आणि त्यांचे कान तापले. एक खोटं झाकायला त्याच्यावर दुसरं घालायचं, हे त्यांना चुन्याच्या थरांवरून चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी वही उघडली, खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"मामा, झाडं किती म्हणालात?"

"एकशे बारा," मामा म्हणाले. ते इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं.

"माझी एकशे अकरा झाली. एक राहिलं. उद्या सकाळी नऊ वाजता ते बघू." बाईंनी वही मिटली. त्यांच्या मनात संशय होता की नाही कोण जाणे, पण बेरीज चुकलेली त्यांना चालत नव्हती.

मामांनी घरी जेवण चिवडलं. बायकोने विचारलं तर म्हणाले, पोट भरल्यासारखं वाटतंय. सकाळी सहाला ते आवारात हजर होते, आकडी न घेता. कमरेला कोयता आणि खांद्यावर दोर होता. बेत सोपा होता: नऊच्या आत वर जायचं, बांडगूळ तोडायचं, बॉयलरच्या भट्टीत घालायचं. मग बाई येऊ देत, दुर्बीण लावू देत. उरलेले चार महिने मान ताठ ठेवून काढायचे. अकरा वर्षांत जे झालं नाही ते आज भीतीपोटी करायचं होतं. एका भीतीने दुसरीला गाडायचं म्हणा ना.

चपला बुंध्याशी काढल्या. दोर बुंध्याला आणि कमरेला एकत्र वेढला. पाय जुनी वाट विसरले नव्हते. एक एक करत, सालीकडे बघत, खाली न बघता मामा पहिल्या फांदीपर्यंत पोचले. तिच्यावर मांड ठोकली, दोर आवळला आणि मग डोळे नीट उघडले.

बांडगुळाचे तीन झुबके होते. एक तर चांगला पिंपाएवढा. मामांनी कोयता काढला, उजव्या हाताने उगारला, आणि तिथेच थांबले. समोरच्या जाड हिरव्या पानावर अळ्या बसल्या होत्या. पिवळट, अंगावर बारीक पांढरे केस. सगळ्या एका रांगेत, डोक्याला डोकं लावून, पानाच्या कडेने एका दमात खात होत्या. पंगत बसावी तशा, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. कोयत्याच्या हालचालीने फांदी हलली, तशा त्या पटापट पानावरून सुटल्या. मामांनी दचकून खाली पाहिलं. प्रत्येकीच्या तोंडाशी एकेक धागा होता. त्या तीस फुटांवर नुसत्या धाग्यावर लोंबत, झोके घेत होत्या.

आणि त्यांच्याखाली जमीन हलली.

कोयता केव्हा सुटला ते मामांना कळलं नाही; तो खाली आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. मग दोन्ही हात फांदीभोवती आणि गाल सालीला. अकरा वर्षांपूर्वीची तीच फांदी, तीच मिठी. फरक एवढाच की तेव्हा गुडघे चांगले होते.

सात वाजता धाकटी ओल्या चादरींची ढकलगाडी घेऊन मागच्या दाराने बाहेर आली. तिने कोयता पाहिला, मग चपला.

"भाऊजी, चपला इथे आहेत. तुम्ही कुठे?"

"वर."

"वर काय करताय?"

"काही नाही."

"मग खाली या, चहा झालाय."

ती मान वर करून बघत राहिली. मग मामा म्हणाले, "धाकटे, मला उतरता येत नाही."

धाकटीच्या तोंडाला एरवी दम नसे. पण तो आवाज तिने भाऊजींच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने चादरी तशाच सोडल्या. "हलू नका. मी शिडी आणते," म्हणाली आणि पळाली. नव्या वॉर्डाला रंग लावायचं काम चालू होतं, तिथल्या रंगाऱ्यांची लांब सरकती शिडी तिने सोडवून घेतली. शिडीबरोबर दोन रंगारी आले, रंगाऱ्यांमागून मुकादम आला आणि इतका गलबला दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेल्याने दुर्बीणबाईही आल्या. नऊ वाजायला अजून पावणेदोन तास होते.

शिडी लागली. मामा हलले नाहीत.

"मामा," मुकादमाने हाक मारली, "इथे कशाला चढलात? याला पट्टा आहे की. हे झाड झालंय."

फांदी धरायची आणि खोटंही धरून ठेवायचं, इतकी ताकद मामांच्यात उरली नव्हती. त्यांनी फांदी ठेवली.

"पट्टा खोटा आहे," ते वरून म्हणाले. "अकरा वर्षं खोटा आहे. मला इथे चक्कर येते. मी हे झाड साफ केलंच नाही. बाई, तुमचं बांडगूळ इथे आहे. मी तुम्हाला मुद्दाम आणलं नाही."

एक ओली चादर गाडीवरून घसरून जमिनीवर पडली, ती कुणी उचलली नाही. बाईंनी दुर्बीण वर केली आणि वर्गात मागच्या बाकावरच्याला विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "मामा, डोळे मिटू नका. समोर पान आहे?"

"आहे."

"त्यावर अळ्या किती?"

"बाई, मला खाली यायचंय."

"ते कळलं. अळ्या किती?"

मामांनी पाहिलं. "नऊ."

"घाईत मोजल्यात. बोट लावून परत मोजा."

बोट लावायचं म्हणजे एक हात सोडायचा. मामांनी तो सोडला. "बारा. नाही, तेरा. बाई, धाग्यावर लोंबतायत त्या हिशोबात धरायच्या का?"

"धरायच्या. त्या परत वर येतात. बघा तुम्ही."

आणि खरंच, एकेक अळी तोंडाने धागा आवरत पानाकडे सरकत होती, कंटाळा न करता. पहिली पोचली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा खायला लागली. मामा एकेक पान धरून मोजू लागले. मोजता मोजता त्यांचा श्वास थाऱ्यावर आला. बाई खालून आकडा विचारत होत्या, धाकटी तो लॉन्ड्रीच्या पावतीच्या मागे लिहीत होती, आणि मुकादम शिडीचा पाय धरून उभा होता.

"त्रेचाळीस," मामा शेवटी म्हणाले.

"नक्की?"

"दोनदा मोजल्या."

"शाबास. आता डावा पाय शिडीवर ठेवा आणि पायऱ्या मोजत या. किती आहेत ते मला सांगायचं."

एकतीस पायऱ्या होत्या. शेवटची पायरी उतरून मामा तिथेच चपलांशेजारी बसले. धाकटीने चहाची कपबशी हातात दिली. मामांना एकदम हलकं वाटत होतं. अकरा वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी वरच राहिलं होतं आणि ते एकटेच उतरले होते. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांना खरोखर वाटलं.

ते मुकादमाला म्हणाले, "साहेब, भांडाराची चिठ्ठी द्या. मी जातो."

मुकादम बुंध्यावरच्या पट्ट्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. "मामा, मला एक सांगू द्या," तो म्हणाला. "दरवर्षी पाहणी मी करतो. सगळीकडे फिरतो. इथे येत नाही. वाफेने माझा दम कोंडतो. लॉन्ड्री आणि बॉयलरघराच्या मधल्या फटीतून हा पट्टा दिसतो, तेवढा बघतो, एकशे बारा म्हणतो आणि परत फिरतो. अकरा वर्षं मीही हे झाड पाहिलेलं नाही. तुम्हाला चिठ्ठी द्यायची तर मला कुणी द्यायची?"

धाकटी तोंडावर पदर धरून हसली, पण फार वेळ धरता आला नाही.

"आणि नियम?" मामांनी विचारलं.

मुकादमाने डोकं खाजवलं. "नियम असा आहे की ज्याला चढता येत नाही त्याला भांडारात पाठवायचं. तुम्ही तर चढलात. हे इतके साक्षीदार आहेत. उतरता येण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

मग मात्र मामांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. मुकादम त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्यांच्याच बशीतला अर्धा चहा प्यायला. वाफ येत होती, पण त्याचा दम काही कोंडला नाही.

बांडगुळाचं काय करायचं यावर मात्र वाद झाला. बाई म्हणाल्या, एकही पान तोडायचं नाही. मामा कारागीर होते. भीती उतरली तशी त्यांची जीभही परत आली. ते म्हणाले, "बाई, तीनही ठेवलीत तर पाच वर्षांत झाड जाईल, मग तुमची पाखरं कशावर बसतील? बारक्या फांद्यांवरची दोन काढायची, ती अळ्या उठल्यावर. मधलं मोठ्या फांदीवर आहे, ते झाडाला झेपतं." बाईंनी विचार केला आणि हिशोब पटला म्हणाल्या. त्या दिवसापासून मामांना नवं काम लागलं. रोज सकाळी तासभर, भिंतीला पाठ घट्ट टेकवून, बाईंच्या दुर्बिणीने खालून अळ्या मोजायच्या आणि आकडा दुसऱ्या मजल्यावर पोचवायचा. बाईंची बहीण आता उशीला टेकून बसू लागली होती, मामा दिसले की तीच आधी विचारायची, "आज किती?"

घरी मामांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बराच वेळ छताकडे बघत राहिली. अकरा वर्षं घरातला दिवा गेला की स्टुलावर तीच चढायची, माळाही तीच झाडायची, आणि मामा म्हणायचे, दिवसभर झाडावर असतो, घरी तरी मला जमिनीवर राहू दे.

"म्हणजे तुम्हाला भीती वाटायची?" ती म्हणाली.

"हो."

"बरं झालं बाई. मला वाटायचं तुम्ही आळशी आहात." असं म्हणून तिने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला आणि मामांनी तो सगळा खाल्ला.

पट्टा मात्र मामांनी स्वतः काढला. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी मारून भागेना म्हणून खुरपं घेतलं. कडेने खुरपं घातलं आणि चुना सालीपासून वडीसारखा सुटून हातात आला. आडवा धरून पाहिला तर थर स्पष्ट दिसत होते, मोजायला दुर्बीण नको. मामांनी ते मोजले. वरून अकरावा थर वाकडा होता. तुकडे त्यांनी बुंध्याशी मातीत पुरले आणि हात धुतले. फटीतून मुकादमाला आता पट्टा दिसत नाही, म्हणून पाहणीला त्याला इथपर्यंत चालत यावं लागतं. येतो बिचारा, नाकाला रुमाल लावून.

दोन आठवड्यांनी अळ्या झाडावरून नाहीशा झाल्या. मामा घाबरले. पण धाकटीने त्यांना लॉन्ड्रीची मागची भिंत दाखवली. छपराच्या वळचणीला ओळीने पिवळेजर्द कोष चिकटले होते, काळ्या ठिपक्यांचे, चिमटे लावून ठेवावेत तसे. ती म्हणाली, "दरवर्षी असतात. आम्ही त्यांना डागवाल्या म्हणतो. पिवळ्या कापडावर लाल डाग, आणि कितीही धुवा, निघत नाहीत. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मान खाली घालून जायचात." मामांनी वळचणीखालची दोरी तिला सोडायला लावली. आठदहा दिवस त्या बाजूला एकही चादर वाळत पडली नाही.

मग एका सकाळी बाई बहिणीला घेऊन खाली आल्या. बहीण चालत आली होती, बाईंचा हात धरून, पण चालत. तिला त्या दिवशी घरी सोडणार होते. वळचणीला पहिला कोष उलला होता. ओलसर, चुरगळलेलं पाखरू बराच वेळ लोंबत राहिलं. पंख सावकाश पसरले, वाळले, पिवळा रंग भरला, लाल ठिपके उजळले. मग ते उडालं, एकदा दोऱ्यांवरून फिरलं आणि झाडाच्या अंगाने वर, वर निघालं.

"भाऊजी, वर बघा," धाकटी म्हणाली.

मामांचा हात आपोआप भिंतीकडे गेला, आधाराला. मग त्यांनी मान वर केली. बुंधा, पहिली फांदी, मधलं बांडगूळ, आणि त्याच्याभोवती ते पिवळं पाखरू, एकदा दिसणारं, एकदा पानांआड जाणारं. मामा बघत राहिले. मान दुखायला लागली तरी बघत राहिले. जमीन जागेवर होती.

थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला.